सिस्टर काही सांगत नाहीत, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या गावाहून वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर बेळगावात आणलं, आज सहावा दिवस. उजवी बाजू गेली आहे, नाकातून नळी आहे, लघवीची पिशवी आहे. जनरल वॉर्ड, सिस्टर बहुतेक कानडी बोलणाऱ्या. काही विचारलं की ‘डॉक्टरांना विचारा’, हाक मारली की ‘येते’ म्हणून अर्ध्या तासाने येतात. परवा थोरल्या भावाने आवाज चढवला, तेव्हापासून कोणी धड बोलत नाही. आता पैसे द्यावेत, तक्रार करावी, की ओळखीच्या पुढाऱ्याकडून फोन लावावा, असं विचारताय.

तिन्हीपैकी आत्ता काहीच करू नका. पुढाऱ्याचा फोन तर मुळीच नको. फोन येतो मेडिकल सुपरिंटेंडेंटला, तिथून निरोप येतो इन्चार्ज सिस्टरला, आणि त्या दिवसापासून तुमच्या बेडवर प्रत्येक गोष्ट लिहून, सही घेऊन, मोजक्या शब्दांत होते. काळजी वाढत नाही, सावधगिरी वाढते.

वीसेक वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत काम केल्यावर मला वाटतं, तुमची अडचण स्वभावाची नाही आणि भाषेचीही थोडीच आहे. सिस्टरला जे सांगता येत नाही ते तुम्ही विचारताय, जे सांगता येतं ते विचारत नाही, आणि तुमच्याकडे असलेली सगळ्यात कामाची माहिती तिच्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही एका माणसाजवळ चोवीस तास बसून आहात. तिच्याकडे रात्रपाळीला पंधरा-वीस पेशंट असले तर त्यात नवल काही नाही. वडिलांनी दुपारी दोनदा ठसका दिला, डाव्या हाताने नळी ओढायला बघितली, कालपेक्षा जास्त झोपतायत, हे तुम्हालाच दिसतं.

आधी हे मान्य करते की बरंच काही हॉस्पिटलवर अवलंबून आहे. सरकारी जिल्हा रुग्णालय, मोठं खासगी कॉलेजचं हॉस्पिटल आणि निपाणी-चिकोडीकडचं वीस खाटांचं नर्सिंग होम, तिन्हीकडची शिस्त वेगळी. आयसीयूत तुम्हाला आत घेणारच नाहीत, जनरल वॉर्डात तुमच्याशिवाय पान हलणार नाही. पाळ्यांच्या वेळाही थोड्या पुढेमागे. बहुतेक ठिकाणी सकाळी ८ ते दुपारी २, २ ते रात्री ८ आणि ८ ते ८ असं चालतं. तुमच्या वॉर्डातलं एकदा विचारून घ्या.

कोणाला काय विचारायचं

‘बाबा बरे होतील का?’, ‘सीटी स्कॅनमध्ये काय आलं?’, ‘किती दिवस ठेवणार?’, ‘हात परत हलेल का?’ ही चारही उत्तरं डॉक्टरांनी द्यायची. सिस्टरला अंदाज असला तरी तिने बोलायचं नसतं. ती एक बोलली आणि राउंडला डॉक्टर दुसरं बोलले, तर घरचे दोघांनाही धरतात. तेव्हा ‘डॉक्टरांना विचारा’ हे टाळणं नाही, तिच्या कामाची ती हद्द आहे.

तिच्याकडून हक्काने मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या. आत्ताचं बीपी, ताप, नाडी, ऑक्सिजन, साखर. आज कोणती औषधं चालू आहेत, पुढची किती वाजता. नळीतून किती आणि केव्हा घालायचं. लघवी किती झाली. उद्या कुठली तपासणी आहे, तिला उपाशी ठेवायचं का. मोठे डॉक्टर राउंडला केव्हा येतात. कूस कोणत्या बाजूला वळवायची. असं विचारलंत तर दहातल्या नऊ वेळा सरळ उत्तर मिळेल, कारण ते तिच्या चार्टवर लिहिलेलंच असतं.

एक उदाहरण अर्धांगवायूचंच घ्या. नातेवाईक बीपीचं मशीन बघतात, वरचा आकडा १७० दिसतो आणि ओरडा सुरू होतो की ‘बीपी एवढं आहे आणि गोळी देत नाहीत’. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत बीपी मुद्दाम खाली आणत नाहीत. अर्धवट उपाशी असलेल्या मेंदूच्या भागाला त्या दाबावरच रक्त पोचत असतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेलं नसेल तर २२०/१२० पर्यंतसुद्धा थांबतात. रक्तस्राव झाला असेल तर गणित उलटं, तिथे बीपी लवकर उतरवावं लागतं. म्हणजे शेजारच्या बेडवर गोळी दिली आणि तुम्हाला दिली नाही, यात भेदभाव असेलच असं नाही. ‘बीपी किती ठेवायला सांगितलंय?’ असं विचारा. त्या एका वाक्याने सिस्टरला कळतं की समोरचा माणूस समजून घ्यायला आलाय.

बाकी माणसंही ओळखून घ्या. सलाईन, इंजेक्शन, गोळ्या, बीपी, नळ्या हे स्टाफ नर्सचं, म्हणजे सिस्टरचं किंवा ब्रदरचं काम. बेडपॅन, चादर, ट्रॉली, एक्स-रेला नेणं हे आया आणि वॉर्डबॉयचं. सरकारीत त्यांना ‘ग्रुप डी’ म्हणतात. नर्सिंग कॉलेजच्या मुली असतात, त्या शिकणाऱ्या. त्यांना निरोप सांगितला तर तो पोचेलच असं नाही. आणि टेबलाशी बसून रजिस्टर लिहिणाऱ्या इन्चार्ज सिस्टर. त्या ‘नुसत्या बसलेल्या’ नसतात, त्या टेबलावर औषधांचा हिशेब आणि डॉक्टरांच्या नव्या ऑर्डरी चार्टवर उतरत असतात. ऑर्डर उतरवताना मध्येच कोणी हाक मारली आणि एक ओळ सुटली, तर ती कुणा ना कुणाची गोळी असते.

हाक कशी मारायची

‘सिस्टर, लवकर या, कसंतरी करतायत’ ही वॉर्डातली सगळ्यात जास्त ऐकू येणारी आणि सगळ्यात कमी कामाची हाक. त्याऐवजी: ‘बेड नंबर १४. सलाईनचा हात कोपराखाली सुजलाय, अर्धा तास झाला, थेंब पडायचे थांबलेत.’ बेड नंबर, काय बदललं, कधीपासून. एवढं ऐकलं की ती येताना हातात नवी सुई, चिकटपट्टी आणि स्पिरिटचा बोळा घेऊनच येते, एक फेरी वाचते.

आडनाव नको, बेड नंबर आणि आयपी नंबर, म्हणजे भरती करताना मिळालेला नंबर. आपल्या भागात एका वॉर्डात तीन पाटील आणि दोन नाईक सहज निघतात. औषध द्यायच्या आधी ‘नाव काय?’ म्हणून रोज विचारतात ते विसरतात म्हणून नाही. बेडवरचा माणूस आणि हातातली गोळी एकाच नावाची आहे ना, याची ती खातरजमा. चिडून ‘किती वेळा सांगू?’ म्हणू नका, पूर्ण नाव सांगा.

धावत जाऊन सांगायच्या गोष्टी आणि ती जवळून जाताना सांगायच्या गोष्टी वेगळ्या ठेवा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत धावत जायचं ते असं: हाक मारल्यावर आधी डोळे उघडत होते, आता उघडत नाहीत, झटका किंवा आकडी, श्वासाला घरघर किंवा खूप जलद श्वास, ओठ निळे, उलटी झाली आणि ती घशात अडकली असं वाटलं, चेहरा, बोलणं किंवा चांगल्या बाजूचा हात नव्याने बिघडला. उलटी होत असेल तर सिस्टर येईपर्यंत कुशीवर वळवा, उताणं ठेवू नका, नळीतून काही चालू असेल तर थांबवा. रक्ताची बाटली चालू असताना थंडी वाजून येणं, अंगावर गांधी उठणं, कंबर दुखणं हेही त्यातच येतं. पहिली पंधरा मिनिटं म्हणूनच सिस्टर जवळ रेंगाळते. रक्ताची पिशवी गार लागते म्हणून कुणी पोटाशी धरून किंवा गरम पाण्यात ठेवून ऊब देतं, ते कधीच करू नका, त्यातल्या पेशी फुटतात.

सलाईन संपत आली, हे मात्र धावण्याचं कारण नाही, आणि सगळ्यात जास्त धावाधाव यावरूनच होते. बाटली संपली की हवा आत जाऊन माणूस दगावतो असं सगळ्यांना वाटतं. स्टँडला टांगलेली सलाईन स्वतःच्या वजनाने उतरते. बाटली रिकामी झाली की नळीतलं पाणी थोडं खाली येऊन शिरेतल्या दाबाशी अडतं आणि तिथेच थांबतं. हवा आत ढकलायला मागे दाब उरलेला नसतो. नळीतल्या दोन-चार बारीक बुडबुड्यांनीही काही होत नाही. खरा तोटा दुसरा आहे: थांबलेल्या नळीत रक्त मागे येतं, गोठतं, सुई बंद पडते आणि पुन्हा टोचावं लागतं. म्हणून बोटभर, साधारण ५० मिली उरलं की सांगा, आरडाओरडा नको. रक्त मागे आलेलं दिसलं तर पेशंटचा हात वर उचललेला आहे का बघा, हात खाली ठेवा. बाटली हातात धरून बेडच्या पातळीला आणू नका.

आणि ते चाक. नळीवरचं प्लास्टिकचं चाक फिरवून ‘जरा जोरात सोडली’ म्हणजे लवकर संपेल, हा उद्योग रात्री बारा नंतर फार होतो. नेहमीच्या सेटमध्ये २० थेंबांना १ मिली धरतात. ५०० मिलीची बाटली ८ तासांत द्यायची तर मिनिटाला साधारण २१ थेंब, ४ तासांत द्यायची तर ४२. हे थेंब सिस्टर घड्याळ लावून मोजते. त्या बाटलीत पोटॅशियम घातलेलं असेल आणि ती भरभर गेली, तर हृदयाचे ठोके बिघडतात. हृदय कमजोर असेल तर फुफ्फुसांत पाणी भरतं. चाकाला हात लावायचा नाही. ऑक्सिजनच्या बटणालाही नाही. वर्षानुवर्षं विडी ओढून फुफ्फुसं गेलेल्या माणसाला ऑक्सिजन मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. घरच्यांनी ‘कमी दिसतोय’ म्हणून वाढवला तर माणूस गुंगीत जाऊ शकतो. बोट गार असेल किंवा नखाला मेंदी, नेलपॉलिश असेल तर बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं मशीन तसंही खोटा आकडा दाखवतं.

भाषा

तुम्ही लिहिलंय की त्यांना मराठी येत नाही. बेळगावात कामाला असलेल्या बहुतेक सिस्टरना थोडीफार कळते. अथणी, गोकाक किंवा आणखी लांबून, केरळातून आलेल्यांना कमी. पण घोटाळा होतो तो न कळणाऱ्या शब्दांनी नाही, कळल्यासारख्या वाटणाऱ्या शब्दांनी. कानडीत ‘ऊट’ म्हणजे जेवण. सिस्टर सांगते ‘ऊट माडबेडा’, जेवू नका. आपली म्हातारी ‘ऊठ’ एवढंच ऐकते आणि उठून बसते, वर ऑपरेशनच्या आधी चहाही पिते. ‘सूजि’ म्हणजे सुई, इंजेक्शन. ‘सूजि आत?’ म्हणजे इंजेक्शन झालं का. आपण ‘नाही, सूज नाही’ म्हणतो, आणि समोरच्याला वाटतं इंजेक्शन राहिलंय. ‘बेडा’ म्हणजे नको, आपण खाटेकडे बोट दाखवतो. इन्सुलिनच्या बाबतीत असा गोंधळ जिवावर येऊ शकतो, म्हणून होय-नाही वर थांबू नका. बोटाने जागा दाखवा, घड्याळ दाखवा, आकडा कागदावर लिहा. ‘नोवु’ दुखणं, ‘उसिरु’ श्वास, ‘तलि सुत्तु’ चक्कर, ‘बावु’ सूज, ‘गुळिगि’ गोळी, एवढे शब्द पुरतात. ‘सिस्टर, सल्पा बर्री’ म्हटलंत तर हसतील, पण येतील. सीमाभागात भाषेचा ताठा दोन्हीकडे आहे, तो वॉर्डाच्या दाराबाहेर चपलांबरोबर ठेवलेला बरा.

संमतीपत्राचं मात्र वेगळं. कागद कानडीत किंवा इंग्रजीत असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर सही करू नका. ‘मराठीत समजावून सांगा, मग सही करतो’ म्हणा. हा हक्क आहे, आणि समजावणं हे डॉक्टरांचं काम आहे, सिस्टरचं नव्हे. ती फक्त सही झाली का बघते, म्हणून तिच्यावर चिडू नका.

काय लपवू नका

दारू. ‘कधीमधी घेतात’ असं लिहून देतात आणि तिसऱ्या दिवशी रात्री माणूस थरथरतो, घामाघूम होतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, नळ्या उपटतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांनी हे होतं, आणि त्यावर औषध आहे. आधी माहीत असेल तर ते आधीच सुरू करता येतं. रोज किती, शेवटची कधी, एवढं सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. चार पाहुण्यांसमोर नको. तंबाखू आणि मिश्रीचंही तसंच. आपल्याकडच्या बायका सकाळी मिश्री लावल्याशिवाय राहत नाहीत आणि ‘पोटात काही घेतलं नाही’ म्हणतात.

घरची औषधं हा दुसरा मोठा घोळ. गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या बीपीच्या, साखरेच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या उशीखाली असतात. सिस्टर चार्टप्रमाणे देते, घरचे ‘नेहमीची चुकायला नको’ म्हणून पुन्हा देतात. सगळ्या पट्ट्या, काढा, चूर्ण, एका पिशवीत भरून सिस्टरच्या हातात द्या आणि काय चालू ठेवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तोवर तुमच्या हाताने एकही गोळी नको.

साखरेच्या पेशंटचा डबा हा तर रोजचा विषय. जेवणाआधीची साखर तपासायची असते, आणि ग्लुकोमीटर घेऊन सिस्टर येते तेव्हा पेशंटने नुकताच साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं संपवलेली असतात. आकडा येतो २८०, आणि त्यावर इन्सुलिनचं प्रमाण ठरतं. उलट प्रकारही होतो: साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास देतात, ते दिलं गेलं, आणि डबा खानापूरच्या बसमध्ये अडकला. घाम, थरथर, बरळणं सुरू होतं. म्हणून डबा वॉर्डात पोचला की ‘सिस्टर, डबा आलाय’ एवढं सांगायचं. भेटायला येणारे पाव किलो कुंदा, म्हणजे दुधाची बेळगावी मिठाई, आणतात, त्याची व्यवस्था बाहेरच्या बाकावर लावा.

तुमच्या वडिलांसाठी तुम्ही काय करायचं

इथे तुमचा हात लागला की सिस्टरशी संबंध आपोआप सुधारतात, बोलण्याने सुधारत नाहीत तेवढे.

दर दोन तासांनी कूस. पाठ, डावी कूस, पाठ, उजवी कूस. लुळ्या बाजूवर थोडा कमी वेळ. लुळा हात धरून कधी ओढायचं नाही, खांदा निखळतो. कंबरेखाली आडवी घडी केलेली चादर ठेवा, दोघांनी दोन टोकं धरून उचलून सरकवा, फरफटत नको. माकडहाड, टाचा, खुबा रोज बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्याच दिवशी दाखवा. तिथे तेल चोळू नका, आतली नाजूक कातडी आणखी सुटते. टाचेखाली नाही, पोटरीखाली उशी.

नळीतून भरवण्याचं काम सिस्टरने शिकवून, तिच्यासमोर दोन-तीनदा करून मगच हातात घ्या. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. नळीवर नाकाशी केलेली खूण जागेवर आहे ना ते प्रत्येक वेळी बघा. खूण बाहेर आली असेल तर काहीही घालू नका, हाक मारा. एका वेळी साधारण २०० मिली, कोमट, गाळलेलं, पंधरा-वीस मिनिटांत. सिरिंजचा दांडा काढून तिचं नुसतं नळकांडं नाकातल्या नळीला लावून वर धरा, आपोआप उतरू दे; दांड्याने ढकललं की पोट फुगतं आणि उलटी होते. शेवटी ३० मिली पाणी. घट्ट आंबील न गाळता घातली की नळी चोंदते, आणि नळी पुन्हा घालणं म्हणजे वडिलांना पुन्हा तोच त्रास. भरवल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर तास, आडवं करायचं नाही.

तोंडाने काही द्यायचं का, हे गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय ठरवू नका. ‘घोटभर पाणी तरी द्या, जीव कोरडा पडलाय’ म्हणून आत्या पाणी पाजते आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया. अशा पेशंटला पाणी सगळ्यात अवघड. दाटसर पदार्थ हळू उतरतो, पाणी सरळ श्वासनलिकेत जातं. ओठ आणि जीभ ओल्या कापडाने पुसा, तेवढ्याने बरं वाटतं.

आणि एक वही. दोन रकाने: आत काय गेलं, बाहेर किती आलं, समोर वेळ. घरचा पेला एकदा मोजून घ्या, बहुतेक २०० मिलीचा असतो. लघवीची पिशवी कमरेच्या वर उचलू नका, जमिनीला टेकवू नका, आणि न मोजता रिकामी करू नका. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी लघवी हवी. चार तासांत १२० च्या खाली आली तर आधी नळी मुडपली आहे का बघा, मग सिस्टरला सांगा. पाळी बदलताना ही वही चार्टाशेजारी ठेवून बघा, सिस्टर स्वतःहून उघडेल.

कधी बोलायचं, कोणी बोलायचं

पाळी बदलते त्याच्या आधीचा-नंतरचा अर्धा तास, राउंड आणि औषधांची ट्रॉली फिरत असताना प्रश्न नकोत. सकाळी साडेअकरानंतर आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास वॉर्ड जरा मोकळा असतो. चार प्रश्न कागदावर लिहून एकदाच विचारा. दहाची गोळी साडेदहाला आली म्हणून भांडू नका, बहुतेक औषधांना तेवढी सवलत असते. इन्सुलिन, आकडीची औषधं आणि रक्त पातळ करणारी इंजेक्शनं मात्र वेळेवर हवीत, त्यांची आठवण बेलाशक करा.

घरातून एकच माणूस बोलणारा ठरवा, आणि बदली येणाऱ्याला वही समजावून द्या. सकाळी मुलगा, दुपारी जावई, संध्याकाळी ट्रॅक्स भरून आलेले दहा पाहुणे तेच विचारतात, तेव्हा सिस्टर तोंड मिटते. थोरल्या भावाचं म्हणाल, तर त्यांनी माफीसमारंभ करायला नको. तुम्हीच इन्चार्जना गाठून सांगा: ‘परवा आमचा आवाज चढला, चुकलं. इथून पुढे मी एकटाच विचारत जाईन.’ नर्ससह आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध कर्नाटकात २००९ पासून कायदा आहे, आणि हात उगारला तर तो लागतो, हेही भावाच्या कानावर घाला. वॉर्डात मोबाइलवर शूटिंग करू नका. शेजारच्या बेडवरच्या बाईची परवानगी तुम्ही घेतलेली नसते.

पैशांचं सरळ सांगते: सिस्टरला नोट देऊन लक्ष विकत मिळत नाही, मिळतो तो अवघडलेपणा. ट्रॉली ढकलायला किंवा साफसफाईला कोणी पैसे मागितले तर इन्चार्जना सांगा. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्या स्टाफसाठी कुंद्याचा डबा दिला तर कोणी नाही म्हणत नाही, पण तेही सक्तीचं नाही. स्कीमचं, कार्डाचं, बिलाचं सिस्टरला विचारू नका. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचा आरोग्यमित्र वेगळ्या खिडकीवर बसतो.

तक्रार करायचीच झाली तर पायऱ्या आहेत: ड्यूटीवरची सिस्टर, इन्चार्ज, नर्सिंग सुपरिंटेंडेंट, मेडिकल सुपरिंटेंडेंट. लेखी, तारीख-वेळ-बेड नंबरसह, एक घटना एका कागदावर. ‘सगळेच निष्काळजी आहेत’ या तक्रारीचं कोणी काही करू शकत नाही; ‘रात्री १० ला सुईची जागा सुजल्याचं सांगितलं, १ वाजेपर्यंत कोणी आलं नाही’ याचं करता येतं. खासगी हॉस्पिटल असेल आणि आत दाद लागली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती आहे. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही सांगता येतं.

पुढे मिरजेला किंवा कोल्हापूरला हलवायचं ठरवलंत, तर निघताना सिस्टरकडून एक गोष्ट लिहून घ्या: रक्त पातळ करणारं, बीपीचं, आकडीचं आणि इन्सुलिनचं शेवटचं औषध किती वाजता दिलं. डिस्चार्ज समरीत औषधांची नावं असतात, शेवटच्या डोसची वेळ बहुतेक वेळा नसते.

आणि घरी नेणार असाल तर डिस्चार्जच्या सकाळी नव्हे, दोन दिवस आधीपासून नळीतून भरवणं, कूस वळवणं, लघवीच्या पिशवीची स्वच्छता सिस्टरसमोर करून दाखवा. घरी नाकातली नळी निघाली तर ती परत आत सारायचा प्रयत्न करू नका, तोंडाने पाणीही देऊ नका. चिकटपट्टी सोडवून, डोकं वर ठेवून खानापूरच्या तालुका रुग्णालयात न्या आणि ती निघालेली नळी बरोबर घ्या, तिच्यावर नंबर असतो, तोच नंबर पुन्हा लागतो.